उभी गाडी थरथरते तेव्हा

माल पोचवायला आता काही बचत गटांनी छोटी व्हॅन घेतली आहे. ही गाडी धावताना ठीक असते, पण बाजाराच्या गर्दीत गियर टाकून उभी केली की थरथरते. गॅरेजात नेली तर कधी "इंजिन उतरवावं लागेल" असं ऐकायला मिळतं, कधी नुसती रेस वाढवून मिळते. रेस वाढवली की थरथर झाकली जाते. दोष तसाच राहतो आणि पेट्रोल जास्त जातं. म्हणून आमचं सांगणं असं, की गाडी नेमकी केव्हा थरथरते हे आपणच आधी बघून ठेवायचं.

इंजिन गरम झालं की गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, ब्रेक दाबून धरा. गाडीच्या पुढेमागे कुणी थांबायचं नाही. आधी न्यूट्रलमध्ये बघा, मग क्लच पूर्ण दाबून पहिला गियर टाकून बघा.

न्यूट्रलमध्ये शांत आणि गियरमध्येच थरथर, तर क्लच पूर्ण सुटत नसावा. इंजिन गाडी ओढतं, ब्रेक अडवतो. गियर टाकताना खरखरही होते. क्लचची केबल सैल आहे का, तेलावर चालणारा क्लच असेल तर तेल कमी झालंय का, हे पहिलं तपासायला सांगा.

दोन्ही वेळा थरथर आणि आवाज तुटक, तर ते मिसिंग. ३ सिलिंडरपैकी १ नीट जळत नसेल तर जोराचा तिसरा हिस्सा जातो. वेगात ते कमी जाणवतं, उभ्या गाडीत लगेच कळतं. इथे स्वस्तापासून सुरुवात करायची : एअर फिल्टर, मग प्लग, मग कॉइल. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल तर दोन कॉइलची अदलाबदल करायला सांगा. मिसिंग कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेलं तर कॉइलच खराब. त्यानंतर हवेचे फाटके पाइप आणि इंजेक्टर. सीएनजीची गाडी पेट्रोलवरही चालवून बघा. गॅसला ठिणगी जास्त जोरदार लागते, त्यामुळे झिजलेला प्लग गॅसवर आधी त्रास देतो. गॅसच्या पाइपला मात्र आपण हात लावायचा नाही.

आवाज एकसारखा, पण सीट आणि स्टिअरिंग थरथरतं, तर इंजिनाचं माउंटिंग बघायचं. मिक्सरच्या खालचा रबरी पाय झिजला की मिक्सर ओट्यावर नाचतो, तसंच हे. माउंटिंगचं रबर चिरलेलं, दबलेलं किंवा तेलाने फुगलेलं दिसतं. ज्या गाडीला क्लचचं पेडल नसतं, तीही गियरमध्येच थरथरत असेल तर माउंटिंगपासून सुरुवात करा.

डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धुराड्यातल्या महागड्या भागापर्यंत जाऊन तो खराब करतं.

हे सगळं गटाच्या वहीत तारखेसह लिहा. गॅरेजात जाताना वही सोबत न्या, खर्च आधी विचारा आणि बदललेला जुना भाग परत मागा. गाडीवर जाणारा पैसा आपल्या बचतीतला असतो. "गाडी हलते" एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजाने भाग बदलत बसेल. "न्यूट्रलमध्ये शांत आहे, क्लच दाबूनही गियरमध्ये हलते" असं सांगितलं, तर त्याला थेट क्लचकडेच बघावं लागेल.