उन्हाळ्यात फुलणाऱ्या सह्याद्रीच्या आमरी

ऑर्किड, म्हणजे मराठीत आमरी, ही वनस्पती नाजूक, खर्चिक आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे, हा समज मुख्यतः फुलांच्या दुकानांत मिळणाऱ्या संकरित जातींमुळे रूढ झाला आहे. या जाती हरितगृहातील नियंत्रित उष्णतेत व आर्द्रतेत वाढवलेल्या असतात आणि पुण्यातील किंवा नागपुरातील गॅलरीत आल्यावर त्यांपैकी अनेक पहिल्याच उन्हाळ्यात माना टाकतात. सह्याद्रीच्या जंगलातील मूळच्या आमरींची गोष्ट मात्र निराळी आहे. वर्षातील चार महिने मुसळधार पाऊस आणि त्यानंतरचे कित्येक महिने जवळजवळ कोरडे अशा टोकाच्या हवामानात त्या वाढल्या आहेत, आणि त्यांतील काहींचा बहर नेमका वैशाख-ज्येष्ठात, रोहिणी व मृग नक्षत्रांच्या सुमारास येतो.

या जातींत सर्वांत परिचित आहे ती सीतेची वेणी. ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा हे शास्त्रीय नाव असलेल्या या आमरीचा फुलोरा खाली लोंबणारा व हातभर लांब असून त्यावर पांढऱ्या रंगाची, गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांची शंभराच्या आसपास फुले दाटीने उमलतात. आसामात तिला कपौ फूल म्हणतात, तेथील स्त्रिया बिहूच्या सणात ती केसांत माळतात, आणि आसाम व अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे ती राज्यपुष्प आहे. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राला तिची ओळख झाली ती मात्र पश्चिम किनाऱ्यावरून. डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हेडे याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या बारा खंडांच्या ग्रंथात तिचे चित्र व वर्णन आले, आणि त्याच्या आधारे लिनियसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. या ग्रंथाच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे तीन कोकणी वैद्य सहभागी होते, ही गोष्ट मराठी व कोकणी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

काटकपणात पहिला मान व्हँडा टेसेलाटा या जातीला द्यावा लागेल. पिवळसर-तपकिरी पाकळ्यांवर चौकटीची नक्षी आणि मधोमध निळसर-जांभळा ओठ, म्हणजे कीटकाला उतरण्यासाठी जागा देणारी विशेष पाकळी, अशी तिची सुवासिक फुले असतात. ही जात घाटातल्या दाट जंगलापुरती मर्यादित नसून मैदानी प्रदेशातील आंब्यासारख्या झाडांवर, बऱ्याच प्रखर प्रकाशातही तग धरते, त्यामुळे घरी आमरी लावू पाहणाऱ्या नवख्या माणसाने सुरुवात हिच्यापासून करणे शहाणपणाचे ठरते. भारताबाहेर न आढळणारी आणि गुलाबी फुलांवर जांभळे ठिपके मिरवणारी एरिडीस मॅक्युलोसा, तसेच तिच्याहून मोठ्या व सुगंधी फुलांची एरिडीस क्रिस्पा, या दोघी पहिल्या पावसाच्या आगेमागे फुलतात. त्यांना सावली व दमटपणा थोडा अधिक लागतो.

वर उल्लेखिलेल्या सर्व जाती अपिवनस्पती आहेत, म्हणजे त्या दुसऱ्या झाडावर केवळ आधारासाठी राहतात आणि बांडगुळाप्रमाणे त्याचा रस शोषत नाहीत. त्यांच्या लागवडीचे सारे मर्म मुळांच्या रचनेत आहे. या मुळांभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे सच्छिद्र आवरण असते, ज्याला व्हेलामेन म्हणतात. पाण्याचा स्पर्श होताच ते पाणी शोषून घेते, त्यातून आतील हरितद्रव्य दिसू लागल्याने मूळ हिरवे दिसते, आणि वाळल्यावर ते पुन्हा रुपेरी-पांढरे होते. भिजणे आणि सुकणे हे चक्र ज्या मुळांना सतत मिळते ती जोमाने वाढतात, तर मातीत दाबून सतत ओली ठेवलेली मुळे हवेअभावी कुजतात. घरोघरी मेलेल्या आमरींपैकी बहुसंख्य तहानेने नव्हे, तर कुंडीतल्या मातीने व पाण्याच्या अतिरेकाने मेलेल्या असतात.

म्हणून ही रोपे सालासकट असलेल्या लाकडाच्या ओंडक्यावर, नारळाच्या सोडणावर किंवा सागवानी पट्ट्यांच्या उघड्या टोपलीत, कोळशाचे व विटांचे तुकडे घालून लावावीत. ती सुती दोरीने घट्ट बांधावीत, कारण हलणाऱ्या रोपाची नवी मुळे आधाराला चिकटू शकत नाहीत, आणि एकदा चिकटल्यावर पुन्हा उपटू नयेत, कारण सीतेच्या वेणीला मुळांची ओढाताण मुळीच सोसत नाही व त्यानंतरचा बहर ती बहुधा चुकवते. जागा पूर्वेकडच्या गॅलरीची सर्वांत चांगली. तेथे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारचे ऊन अडवण्यासाठी निम्मा प्रकाश रोखणारी हिरवी जाळी पुरते. गर्द हिरवी, लुसलुशीत पाने दिसायला छान वाटली तरी ती अपुऱ्या प्रकाशाची खूण असून अशा रोपाला फुलोरा क्वचितच येतो.

उन्हाळ्यात मुळे पूर्ण हिरवी होईपर्यंत रोज सकाळी पाणी द्यावे. देशावरील कोरड्या हवेत संध्याकाळी लवकर आणखी एक फवारा द्यावा, मात्र पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचून राहू देऊ नये, कारण तेथूनच कोंब कुजण्यास सुरुवात होते. खत अगदी सौम्य, म्हणजे पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथाई, आणि केवळ नवी वाढ चालू असताना द्यावे. पावसाळ्यात खुल्या हवेत टांगलेल्या रोपांना बहुधा काहीच करावे लागत नाही, पण गोगलगायी कोवळी मुळे खातात, त्यांवर लक्ष हवे. थंडीत पाणी कमी करावे. हा विसाव्याचा काळ टाळून बाराही महिने सारखे पाणी दिल्यास बहर हुकण्याचा संभव असतो.

जमिनीत वाढणाऱ्या आमरींपैकी युलोफिया, म्हणजे अमरकंद, खास उल्लेखनीय आहे. पावसाच्या तोंडावर, पाने नसतानाच, तिच्या जमिनीतील कंदापासून फुलांचा दांडा वर येतो. तिला रेताड, पाण्याचा निचरा होणारी माती लागते आणि पाने पिवळी पडल्यापासून नवा कोंब दिसेपर्यंत कुंडी जवळजवळ कोरडी ठेवावी लागते.

आता एक गोष्ट, जी छंदापेक्षा महत्त्वाची आहे. आमरीच्या एका फळात धुळीसारखी सूक्ष्म, लाखोंच्या संख्येने बीजे असली तरी त्यांत अन्नसाठा नसतो. निसर्गात विशिष्ट कवकाची साथ मिळाली तरच ती रुजतात, आणि त्यानंतर रोप फुलण्याइतके मोठे होण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून फांदीवरून एक जुना झुबका ओरबाडला, तर त्या जागी दुसरा उगवेलच याची शाश्वती नसते. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये कवकाविना, साखरयुक्त पोषक माध्यमावर ही बीजे रुजवून दाखवल्यापासून प्रयोगशाळेत हवी तेवढी रोपे तयार करता येतात, त्यामुळे जंगलातून उचलण्याला आज कोणतेही समर्थन उरलेले नाही. घाटातल्या रस्त्याकडेला विकायला ठेवलेले, मुळे तुटलेले झुबके कितीही स्वस्त असले तरी ते घेऊ नयेत, आणि रोपवाटिकेतही रोप प्रयोगशाळेत वाढवलेले आहे की रानातून आणलेले, हे विचारून, समाधानकारक उत्तर मिळाले तरच ते घरी आणावे.