गिटार स्वस्त झाली, आणि सुधारलीही

१९७९ साली, बँकेत लागून दुसरे वर्ष चालू असताना, मी दोनशे साठ रुपयांची एक गिटार विकत घेतली. तेव्हाच्या पगारात ही रक्कम लहान नव्हती. तीन महिने रोज संध्याकाळी चिकाटीने बसलो. बोटांच्या टोकांना फोड आले, पण एकही कॉर्ड स्वच्छ वाजेना. अखेर ‘आपल्या हातात कला नाही’ असा निकाल मी स्वतःविरुद्ध दिला आणि गिटार माळ्यावर गेली. तो निकाल चाळीस वर्षांहून अधिक काळ कायम राहिला.

गेल्या वर्षी नातीसाठी गिटार घ्यायची ठरली, तेव्हा ती जुनीही दुकानात दाखवायला नेली. तेथील कारागिराने बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी धरली. तारा जवळजवळ पाच मिलिमीटर उंच होत्या. त्या साधारण दोन ते अडीच मिलिमीटरवर हव्यात. तो म्हणाला, “काका, ही कुणालाच नीट वाजली नसती.”

कारण त्याने समजावून सांगितले. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. त्या ताणाने लाकडी दांडी हळूहळू वाकते आणि तारा वर उचलल्या जातात. म्हणून दांडीच्या आत ट्रस रॉड नावाचा लोखंडी गज बसवतात. तो फिरवून वाक कमी-जास्त करता येतो. ही युक्ती अमेरिकेत १९२० च्या दशकातच प्रचारात आली होती, परंतु माझ्या गिटारीत असा समायोजनाचा गज नव्हताच.

आज सात-आठ हजारांच्या गिटारीतही तो सहसा असतो. फ्रेटच्या खाचा आता संगणकनियंत्रित यंत्रे कापतात, त्यामुळे अंतरे चुकत नाहीत आणि सूर बेसूर होत नाहीत. कोरिया, इंडोनेशिया, चीन येथील मोठ्या कारखान्यांत हे काम लाखोंच्या संख्येने होऊ लागले, तसा प्रत्येक नगामागचा खर्च उतरला. आपण व्यापारी माणसे. संख्या वाढली की भाव उतरतो, हे आपल्याला ठाऊक आहे. येथे विशेष हे की, भावाबरोबर दर्जा उतरला नाही, तो चढला.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पूर्वी गिटारीच्या तारा जनावरांच्या आतड्यांच्या असत, जाड तारांच्या गाभ्यात रेशीम असे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या तारा आल्या आणि आतड्यांचा वापर जवळजवळ संपला. मात्र तारांना आधार देणारे नट आणि सॅडल हे छोटे भाग काही महाग गिटारींत अजूनही हाडाचे असतात. स्वस्त गिटारींत ते बहुधा प्लास्टिकचे असतात. खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

शिकण्याच्या साधनांतही असाच पालट झाला. माझ्याजवळ एक इंग्रजी पुस्तक होते. त्यातील ठिपक्यांची आकृती पाहून बोटे ठेवायची, पण आवाज कसा यावा हे सांगणारे कुणी नव्हते. २००३ पासून जस्टिन सँडरको या शिक्षकाने आपले क्रमवार धडे इंटरनेटवर विनामूल्य ठेवले. आज हिंदीतही असंख्य धडे मिळतात. तार सुरात लावायला मोबाइलवरचा ट्यूनर पुरतो.

तथापि, जमेबरोबर नावेची बाजूही पाहिली पाहिजे. धडे इतके आहेत की मूल एक अर्धवट सोडून दुसरा उघडते. शिवाय मनगट चुकीचे वळले, तर पडदा ते सांगत नाही. म्हणून आमच्या घरी एकच अभ्यासक्रम ठरवला आहे, रोज वीस मिनिटे, आणि महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष शिक्षक. नवी गिटार घेतानाही दुकानदाराकडून तारांची उंची मोजून, बसवून घ्यावी. काही शेकड्यांचा हा खर्च वाचवू नये. मूल गिटार सोडते, तेव्हा दोष पुष्कळदा मुलाचा नसतो.

नातीबरोबर आता मीही बसतो. ‘जी’वरून ‘सी’ कॉर्डवर जाताना माझी बोटे अजून अडखळतात. परंतु कॉर्ड स्वच्छ वाजते. त्या जुन्या निकालाविरुद्धचे अपील मी उशिरा का होईना, दाखल केले आहे.