पांघरूण घालणाऱ्या बायका

नवरा पिणारा असला की बायकोला एक सवय लागते, पांघरूण घालायची! ऑफिसातून फोन आला की "यांना ताप आहे", सासूबाईंना "ओव्हरटाइम होता", वाण्याची उधारी आपल्या भिशीच्या पैशांतून. सगळे म्हणतात, किती सोशीक बाई! आणि त्याचं मात्र छान चालतं, कारण पिण्याचा चटका त्याला बसतच नाही.

आमच्या महिला मंडळात अशाच एक ताई यायच्या. त्यांनी लहानपणी वडिलांचं पिणंही आईबरोबर असंच झाकलेलं. म्हणजे सवय माहेरची, सासरी फक्त पक्की झाली.

पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले. तिथे व्यसनी माणसाबरोबर घरच्यांचाही विचार होतो. बायकांचा तर 'सहचरी' नावाचा गटच आहे. अमेरिकेत दारुड्यांच्या घरच्यांसाठी 'अल-अनॉन' १९५१ मध्ये निघालं, तेही याच जाणिवेतून.

अशा गटात होतं काय? एक बोलते, दुसरी म्हणते, "अगं, मीपण हेच करायचे." लाज तिथेच निम्मी होते. नवऱ्याला सोड, असं कुणी सांगत नाही. त्याला सुधारायचा ठेका तुझा नाही, एवढंच हळूहळू उमगतं. नात्यात लागलेली सवय नात्यातच सुटते, असं समुपदेशक मानतात. मला ते पटतं. आपण 'नाही' म्हटलं तरी समोरची माणसं तुटत नाहीत, हा अनुभव पुस्तक वाचून कसा येणार? तो आधी गटात येतो, मग घरी 'नाही' म्हणायचं बळ येतं. (घरी मारहाण होत असेल तर मात्र आधी जीव सांभाळा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे.)

आमच्या ताई वर्षभर अशा एका गटात जात होत्या. मग एका सोमवारी साहेबांचा फोन आला, तेव्हा त्यांनी तो सरळ नवऱ्याच्या हातात दिला. घरात दोन दिवस अबोला! नवरा उपचाराला जायचं म्हणतो, पण अजून गेलेला नाही. ताई मात्र दर आठवड्याला गटाला जातात, आणि भिशीचे पैसे आता लेकीच्या नावाने पोस्टात पडतात.