सायकलवर टांग टाका, लेण्यांची वाट धरा!

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. आमची मोठी मुलगी शाळेतून सहलीचा कागद घेऊन आली. तीन दिवसांची महाबळेश्वर-पाचगणी सहल, माणशी ३,२०० रुपये. धाकटाही त्याच शाळेत, म्हणजे दोघांचे ६,४००. आम्ही कागद वाचत होतो तोच मुलगी म्हणाली, "मला नाही जायचं. बसमध्ये मला मळमळतं." तिला बसमध्ये कधीच मळमळत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे आणि तिलाही. लेकरे आपल्या खिशाकडे पाहून खोटे बोलू लागली की आईबापाच्या घशाखाली घास उतरत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी किती घरांत ही गोष्ट घडत असेल! सहल म्हणजे ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांचे काम, आपली सुट्टी म्हणजे मामाचे गाव नाहीतर घरची झाडलोट, असे आपण धरूनच चालतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून. त्यामुळे त्या रात्री रडत न बसता हिशेबाची वही काढली. घरात दोन सायकली होत्या. शेजाऱ्यांकडे तीन. आणि सायकलच्या टप्प्यात काय होते? ज्यासाठी लोक जपान आणि श्रीलंकेहून विमानाने येतात, ती लेणी! जगातले लोक आपल्या दाराशी येतात आणि आपली मुले ती भूगोलाच्या पुस्तकात पाहतात, याला काय म्हणावे?

बाबासाहेबांची सहल

सहलीची आखणी करताना आम्हाला एका जुन्या सहलीची आठवण झाली. सन १९३४. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे हट्ट धरला की आपण एकदा सहलीला जाऊ. बाबासाहेब कबूल झाले, आणि वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. सुमारे ३० माणसे मोटारबसने नाशिकहून येवल्यामार्गे निघाली. या सहलीची वाच्यता मुद्दामच केली नव्हती, कारण अस्पृश्य प्रवाशाला वाटेत कोणत्या अडचणी येतात हे सर्वांना माहीत होते.

वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने काठोकाठ भरलेले छोटे टाके होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तिथे हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारले. तेवढ्यावरून गलका झाला की यांनी टाके बाटवले! लोक धावून आले. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती या अटीवर की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई. महाडच्या चवदार तळ्याला तेव्हा सात वर्षे झाली होती. गोलमेज परिषदेत कोट्यवधींची बाजू मांडून आलेल्या माणसाची ही गत! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला आहे. यावरून आज कोण्या एका धर्माच्या माणसांचा राग धरण्याचे कारण नाही. विटाळाचा रोग तेव्हा सगळीकडे पसरला होता, हेच ते सांगत होते.

आम्ही ठरवले की आपली सहल याच वाटेने जाईल.

तीन रविवार, तीन टप्पे

सायकल चालवण्याची सवय मोडलेली असते, म्हणून एकदम तीस किलोमीटरवर झेप घेऊ नये. आमच्या वस्तीतल्या पाच कुटुंबांनी मिळून तीन टप्पे केले.

पहिल्या रविवारी शहरालगतची औरंगाबाद लेणी. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले असले, तरी लेणी जुन्याच नावाने ओळखली जातात. बीबी का मकबऱ्याच्या पुढे, विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात ती आहेत. सायकली खाली लावून पायऱ्या चढायच्या. क्रमांक ३ च्या लेण्यात आत गेलात की बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेली माणसे दिसतात. जवळजवळ आपल्या उंचीएवढी, दगडाची! बायकाही आहेत, पुरुषही आहेत. प्रत्येकाचा केशसंभार वेगळा, दागिने वेगळे, चेहरा वेगळा. आमचा धाकटा त्यांच्या रांगेत जाऊन तसाच गुडघ्यावर बसला. क्षणभर आम्हाला कळेना की यातला आजचा कोण आणि दीड हजार वर्षांपूर्वीचा कोण. पुढच्या गटातल्या क्रमांक ७ मध्ये अवलोकितेश्वर आहे. आग, बुडते जहाज, बेड्या, सिंह, साप, बिथरलेला हत्ती अशा आठ भयांतून माणसे त्याला हाका मारत आहेत. त्याच लेण्यात मधोमध एक नर्तकी आणि दोन्ही बाजूंना वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. मुलींना तिथून हलवणे अवघड झाले.

दुसऱ्या रविवारी दौलताबाद. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा असा सुमारे पंधरा किलोमीटरचा रस्ता. पहाटे साडेपाचला निघावे, कारण नंतर पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात. पावसाळा संपता संपता गेलात तर रस्त्याकडेला सीताफळाच्या टोपल्या लागतात. दौलताबादचे सीताफळ खाल्ले नाही, त्याने सीताफळ खाल्लेच नाही!

किल्ल्याच्या दाराशी आम्ही सगळ्यांना बसवून १९३४ ची गोष्ट सांगितली. धाकट्याने विचारले, "मग आपल्याला कोणी अडवेल का?" आम्ही त्याला तिकिटाच्या खिडकीशी नेले. पैसे दिले, तिकिटे घेतली. खिडकीतल्या माणसाने नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, जात विचारली नाही. आम्ही म्हणालो, "हे कसे झाले ठाऊक आहे? संविधानाच्या कलम १५ मध्ये लिहिले आहे, की विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा वापर करण्यास जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही." मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग तिने आपली पाण्याची बाटली काढली आणि बरोबरच्या सगळ्यांच्या ओंजळीत पाणी घालत फिरली. तिला असे कोणी सांगितले नव्हते.

तिसरा टप्पा मुक्कामाचा. शहरापासून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर. दौलताबादच्या पुढे घाट लागतो. तिथे सायकलवरून उतरून सरळ ढकलत न्यावी, त्यात कमीपणा नाही. घाट चढून गेल्यावर कागजीपुरा हे गाव लागते. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी येथे हातकागदाचा धंदा रुजवला असे सांगतात. चिंध्यांचा लगदा करून त्याचा कागद कसा होतो हे मुलांना समजावून सांगावे. चिंधीचे मोल आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको, पण त्याच चिंधीवर पुढे अक्षर उमटते, हे मुलांच्या मनात राहते.

पुढे खुलताबाद. येथे औरंगजेबाची कबर पाहायला गर्दी असते. आम्ही मलिक अंबरची कबरही पाहिली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये खडकी हे गाव वसवून आपल्या शहराचा पाया त्याने घातला, आणि जमिनीखालून नळ टाकून शहराला पाणी दिले. ती नहर-ए-अंबरी. जो स्वतः विकला गेला त्याने शहराची तहान भागवली, हे मुलांना जरूर सांगावे.

खुलताबादहून वेरूळला उतार आहे. इथे ब्रेक आधी तपासावेत.

वेरूळ कसे पाहावे?

वेरूळला ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. बरीच मंडळी कैलास, म्हणजे क्रमांक १६ पाहून थकतात आणि परत फिरतात. कैलास पाहावाच, पण आपण १ पासून सुरुवात करावी, ऊन चढायच्या आत.

क्रमांक ५ मध्ये थोडा वेळ बसा. लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना खांब आणि मधून दोन दगडी बाक शेवटपर्यंत गेलेले. भिक्खू येथे बसून पाठ करीत किंवा भोजन करीत, असे अभ्यासक मानतात. या लेण्याला लोक पूर्वी 'महारवाडा' म्हणत, कारण पावसापाण्यात महार मंडळी येथे आसऱ्याला येत. विचार करा! गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांना बुद्धाच्या विहाराने छप्पर दिले. ते विहार कोणाचे आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

क्रमांक १० हे चैत्यगृह. दगडाचे छत, पण लाकडाच्या वाशांसारखे कोरलेले. म्हणून लोक त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात. समोर पाय खाली सोडून बसलेले बुद्ध. आमच्यात एक सुतारकाम करणारे बंधू होते. ते बराच वेळ मान वर करून वाशांची संख्या मोजत होते. म्हणाले, "ज्याने हे कोरले त्याने आधी लाकडात काम केलेले असणार." कलादालनात तज्ज्ञ लागतो म्हणतात. आमचा तज्ज्ञ आमच्याबरोबरच होता! क्रमांक १२ हे तीन मजली. सगळ्यांत वरच्या मजल्यावर सात-सात बुद्धांच्या रांगा आहेत. तिथे मुलांना चित्रकलेची वही द्यावी आणि अर्धा तास मोकळे सोडावे.

भिंतीवर नाव कोरण्याचा मोह मुलांना होतो, मोठ्यांनाही होतो. त्यांना पितळखोऱ्याच्या कण्हदासाची गोष्ट सांगा. कन्नड तालुक्यातल्या पितळखोरा लेण्यांत एका यक्षाची मूर्ती सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूर्तीच्या हातावर लेख आहे, की ही कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली. तिथल्याच खांबांवर पैठणच्या एका अत्तर-सुगंधाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाची नोंद आहे. राजांची नावे तर सगळीकडे असतात, इथे हाताने काम करणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. म्हणून मुलांना आम्ही सांगितले, "नाव कोरायचे असेल तर कण्हदासासारखे कोरा. आधी काहीतरी घडवा!"

तयारी आणि खर्च

थंडीचे दिवस, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उत्तम. मे महिन्याच्या उन्हात मुलांना नेऊ नये. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. अजिंठा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर आहे, तिथे एसटीनेच जावे. सायकलींची हवा, चेन आणि ब्रेकची रबरे आदल्या दिवशी पाहून घ्यावीत. पंप, पाने, पंक्चरचे सामान आणि दोन जादा ट्यूब बरोबर असाव्यात. पाच कुटुंबांत मिळून आम्ही एक छोटा हत्ती केला. त्यात म्हातारी माणसे, पांघरुणे आणि शिधा. थकलेले मूल सायकलसह त्यात चढवता येते. रात्रीचा मुक्काम खुलताबाद तालुक्यातल्या एका गावी, एका नातलगाच्या ओळखीने, तिथल्या विहारात केला. आधी विचारून गेलो, सकाळी विहार झाडून निघालो. रात्री गावातल्या मायबहिणींनी चुलीवर भाकरी भाजल्या, पिठले आमच्या मंडळींनी केले. मुलांनी वहीतली चित्रे गावातल्या मुलांना दाखवली. तेवढेच आमचे प्रदर्शन!

आता हिशेब. आमच्या चार जणांच्या घराचा तिन्ही टप्प्यांचा खर्च असा: टेम्पोचा वाटा ४००, शिधा ३५०, सायकल दुरुस्ती १६०, तिकिटे १८०, विहाराला दान १०१. एकूण १,१९१ रुपये. वेरूळचे तिकीट मोठ्या माणसाला ४० रुपये पडले, आणि १५ वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. ६,४०० कुठे आणि हे कुठे!

एक गोष्ट मात्र हिशेबाच्या वहीत बसत नाही. मुलांच्या आईला सायकल येत नव्हती. पहिल्या रविवारी त्या टेम्पोत बसल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी मुलीने मागून कॅरिअर धरून त्यांना मैदानात फिरवले. वेरूळच्या वेळी मिटमिट्यापर्यंतचा सपाट रस्ता त्यांनी स्वतः सायकल चालवत कापला, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी! मुलगी मागे मागे होती, आणि कॅरिअर तिने केव्हाच सोडून दिले होते.

सुट्टी संपल्यावर शाळेत 'माझी सहल' हा निबंध लिहायला दिला. मुलीने महाबळेश्वरचे नाव काढले नाही. तिने दौलताबादच्या टाक्यावर लिहिले, आणि सरांनी तो वर्गात वाचून दाखवला.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांना लपूनछपून करावी लागली ती सहल आपण आज उजळ माथ्याने करू शकतो. मग घरात का बसायचे? येत्या रविवारी कोपऱ्यातली सायकल काढा, धूळ पुसा, हवा भरा. जयभीम!