पेट्रोलच्या टाकीतला पंप: खात्री कुठून येते?

मे महिन्याच्या भर दुपारी मलकापूरहून निघालेली गाडी मोताळा ओलांडते, राजूर घाट चढते आणि बुलढाण्याला पोचते. वाटेत इंजिनाला पेट्रोल कमी पडत नाही. का पडत नाही? आपण हे गृहीत धरतो. गृहीत धरलेल्या गोष्टीखाली काय आहे ते पाहणं, हेच तर आपलं काम.

पूर्वी असं गृहीत धरता येत नव्हतं. अँबॅसडर, फियाट, कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आठवा. पेट्रोलची टाकी मागे, पंप पुढे इंजिनाला चिकटलेला. तो पेट्रोल ओढायचा. ओढताना नळीतला दाब उतरतो आणि दाब उतरला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक तर ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. त्यात इंजिनाची धग. मग नळीत वाफ धरायची अन् गाडी घाटातच बंद. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यावरचा उपाय सांगावा लागत नाही. विहिरीच्या काठावरची मोटर व्यवहारात सातेक मीटरच्या खालचं पाणी ओढू शकत नाही. बोअरमधली सबमर्सिबल मात्र कितीतरी खोलून पाणी वर ढकलते. इंजेक्शनच्या गाड्यांत नेमकं हेच केलं आहे. विजेचा पंप थेट पेट्रोलमध्ये बुडवला. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बार दाबाने, म्हणजे चाकातल्या हवेच्या साधारण दीडपट. नळीत दाब असला की वाफ सहजी धरत नाही.

पण नुसता पंप बुडवून भागत नाही. घाटात गाडी तिरपी झाली की पेट्रोल एका बाजूला सरकतं. टाकीत थोडंच असेल तर पंपाच्या तोंडाशी हवा येईल. म्हणून पंप एका वाटीत बसवलेला असतो, टाकीतली छोटी टाकीच म्हणा. पंपाने उचललेल्या पेट्रोलचा थोडा भाग बारीक तोंडातून वेगाने सोडतात. ती धार आजूबाजूचं पेट्रोल ओढून वाटीत भरते. मोठी टाकी हिंदकळली तरी वाटी भरलेली राहते.

याच संचात कचरा अडवणारी जाळी असते, पेट्रोलची पातळी सांगणारा तरंगता गोळा असतो आणि बहुतेकदा दाब नेमका ठेवणारा नियंत्रकही. शिवाय एक झडप असते, विहिरीवरच्या फूटव्हॉल्व्हसारखी. गाडी बंद केल्यावर ती नळीतलं पेट्रोल मागे जाऊ देत नाही, म्हणून सकाळी गाडी चटकन सुरू होते.

आता तुमच्या मनातला प्रश्न: विजेची मोटर पेट्रोलमध्ये, मग पेट कसा घेत नाही? जळायला पेट्रोलची वाफ आणि हवा ठरावीक प्रमाणात लागते. बुडालेल्या पंपाभोवती हवाच नाही. वरच्या रिकाम्या जागेतही सहसा वाफ इतकी दाट असते की ठिणगीने ती पेटत नाही.

इथे आपण एक फरक लक्षात घेऊ. विश्वासार्ह म्हणजे कधीच न बिघडणारं, असं नव्हे. काय बिघडू शकतं याचा आधी विचार करून प्रत्येकासाठी सोय ठेवलेली, ते विश्वासार्ह. वाफेसाठी दाब, चढासाठी वाटी, कचऱ्यासाठी जाळी. पण त्या सोयीलाही एक अट असते. सबमर्सिबल कोरडी चालली तर जळते, हे आपल्याला ठाऊक आहे. या पंपाची मोटरही पेट्रोलनेच गार राहते. रोज रिझर्व्हवर गाडी हाणली की पंप तापतो, झिजतो. म्हणून टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नये.

आणि गाडी बंद पडलीच तर लगेच ‘पंप गेला’ म्हणून नवा संच घेऊ नका. आधी फ्यूज अन् रिले पाहायला सांगा, मग पेट्रोलचा दाब मोजायला सांगा. तुंबलेल्या जाळीनेही दाब उतरतो. टाकी मात्र घरी उघडू नका. उघड्यावर आली की तीच वाफ हवेत मिसळते आणि पेटते. हे काम मेकॅनिककडेच.