शेळीगट मिळाला, पाल्याचे काय?

शेळीगट योजनेचे फॉर्म भरून देणारे कार्यकर्ते आपल्याकडे गावोगावी आहेत. १० शेळ्या व १ बोकड या राज्याच्या योजनेत अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान आहे. पण दारात आलेल्या शेळ्या उन्हाळ्यात काय खाणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

त्र्यंबकेश्वर तालुक्यात तो विचारायलाच हवा. पावसाळ्यात ब्रह्मगिरीच्या परिसरात हिरवा चारा मुबलक. उन्हाळ्यात मात्र भाताचा पेंढा आणि नागलीचे काड उरते. पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३-४ टक्के. त्यावर शेळी जगते, पण दूध आटते. भूमिहीन घरात हेच दूध मुलांच्या पोटात जाणार असते.

यावर उपाय झाडपाल्याचा आहे. शेवगा, शेवरी, हादगा, सुबाभूळ यांच्या पाल्यात भरपूर प्रथिने असतात. शेवग्याच्या वाळलेल्या पाल्यात सुमारे २५ टक्के. शेळीच्या पोटातले जिवाणू या प्रथिनांवर वाढतात आणि मग कोरडा पेंढाही नीट पचतो. त्यातून दूध वाढते. दुधाचे फॅट मात्र तंतुमय चाऱ्यावर टिकते. नुसते धान्य जास्त घातले तर फॅट घसरते आणि शेळीला अपचन होते.

काही पथ्ये पाळावीत. नवा पाला थोडा थोडा वाढवत दहा-बारा दिवसांत पूर्ण प्रमाणात आणावा. ओला, कोवळा पाला सुकवून द्यावा, नाहीतर पोट फुगते. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी ठेवावी; तिच्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात. दुधाला उग्र वास येऊ नये म्हणून बोकड वेगळा बांधावा. दूध उकळूनच प्यावे.

आता जागेचा प्रश्न. भूमिहीनांसाठी १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रह उभारणारे दादासाहेब गायकवाड याच नाशिक जिल्ह्याचे. ज्याला बांध नाही, त्याने पाला कुठे लावायचा? घराच्या कुंपणाला शेवरीची वीस-पंचवीस रोपे बसतात. पाणी साचत नसेल तिथे शेवगा लावता येतो. त्यापुढे गायरानावर चाऱ्याची झाडे लावण्याचा ठराव ग्रामसभेत मांडावा लागेल.

तरुणांना आमचे सांगणे एवढेच: शेळीगटाचा अर्ज भरताना त्याच घरासाठी रोपेही तयार करा आणि जूनच्या पहिल्या पावसात लावा. झाडे जोर धरेपर्यंत शेळ्यांपासून राखा. अनुदान एकदाच मिळते, पाला दरवर्षी फुटतो.