संसार मोडला, जोडी टिकली

महाराष्ट्रातील पोखर्णीसारख्या गावी, जिथे नाच म्हटला की लेझीम, वारकऱ्यांची पावली अथवा तमाशातील लावणी हीच मनश्चक्षूंसमोर उभी राहते, तेथील वाचकास ब्वेनोस आयरिसच्या टँगोची रीत चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. कारण टँगोत पावले आगाऊ ठरलेली नसतात, एकाच्या छातीच्या सूक्ष्म कलाने दुसऱ्यास पुढील हालचालीची वर्दी मिळते, आणि सारी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने, परस्परांस धक्का न लावता, मंडल धरून फिरतात.

या नृत्यास रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून देणारे हुआन कार्लोस कोपेस आणि मारिया निएवेस १९५१ साली लुना पार्क या क्रीडागृहातील स्पर्धा जिंकून पुढे आले, आणि पुढे लहानशा टेबलावरही, जिथे चुकीस तसूभर जागा नसे, नाचू लागले. १९६४ साली त्यांचा विवाह झाला. काही वर्षांत संसार मोडला, परंतु नृत्याचा करारनामा अबाधित राहिला. १९८३ साली पॅरिसमध्ये आणि १९८५ साली ब्रॉडवेवर गाजलेल्या ‘टँगो आर्जेन्टिनो’त ही जोडी होती, आणि १९९७ पर्यंत, मनातील कटुता पावलांत उतरू न देता, ती एकत्र नाचत राहिली. २००९ साली युनेस्कोने टँगोस मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तथापि हा वारसा दफ्तरी नोंदीने टिकत नाही, गुरूने शिष्याच्या हातात हात देऊन, पाऊल टाकण्याआधी जोडीदाराचे ऐकण्यास शिकवले, तरच टिकतो.